रोमन सीमेचा मातीचा संच: मागचा चर चोख, पुढच्या खंदकाची पट्टी बदलून घ्या

कोल्हापूरच्या बापट कॅम्पातल्या एका मूर्ती-कारखान्यात दिवाळीच्या किल्ल्यांसाठी आणि शाळा-कॉलेजच्या प्रदर्शनांसाठी मातीचे संच ऑर्डरप्रमाणे करून मिळतात. पन्हाळा, विशाळगड, सिंधुदुर्ग हे नेहमीचे. त्याच यादीत आता ‘रोमन सीमा’ आली आहे: ब्रिटनमधल्या हेड्रियनच्या भिंतीचा, तिच्या पुढच्या-मागच्या खंदकांसकट, आडवा छेद. प्रमाण १:१००. मोठा ट्रे १,८५० रुपये, हिरवळीच्या भिंतीचा लहान ट्रे ९५० रुपये आणि खडकातल्या खंदकाचा सुटा तुकडा ३५० रुपये.

संच जरूर घ्यावा. रोमन म्हटलं की बाजारात दगडी तट, बुरूज आणि लाल ढालीचा सैनिक एवढंच मिळतं. जमिनीत जे खणलं होतं ते कुणी दाखवत नाही. इथे ९० सेंमी लांबीच्या ट्रेमध्ये भिंतीला जागा आहे फक्त ३ सेंमी. उरलेली सगळी सीमा मातीची आहे आणि प्रत्यक्षातही ती तशीच होती. मात्र पुढच्या खंदकाच्या पट्टीत मोठी चूक आहे, पिशवीतली माती पुरत नाही आणि सोबतच्या कागदावरच्या दोन सूचना चक्क उलट्या आहेत. तिन्ही गोष्टी घरी दुरुस्त करता येतात. कशा, ते खाली दिलं आहे.

आधी मूळ काम समजून घ्यावं. सम्राट हेड्रियन इ.स. १२२ मध्ये ब्रिटनला आला आणि त्याच सुमारास ही सीमा बांधायला घेतली गेली. पूर्वेला वॉल्सएंडपासून पश्चिमेला बोनेस-ऑन-सॉल्वेपर्यंत ८० रोमन मैल, म्हणजे सुमारे ११७ किलोमीटर. बांधणारे सैनिकच: दुसरी ऑगस्टा, सहावी व्हिक्ट्रिक्स आणि विसावी व्हॅलेरिया व्हिक्ट्रिक्स या तीन लीजन, म्हणजे रोमन सैन्याच्या मोठ्या तुकड्या. उत्तरेकडून दक्षिणेकडे चालत गेलं तर आधी उपशाच्या मातीचा पसरट उतार, मग खंदक, मग मोकळी पट्टी, मग भिंत, मग लष्कराची जागा, आणि सगळ्यात मागे ‘व्हॅलम’ नावाचा दोन बांधांमधला रुंद चर. कोल्हापूरला रोम तसं अगदी परकं नाही. ब्रह्मपुरीला सापडलेली पोसायडनची ब्राँझची मूर्ती आपल्या टाउन हॉल म्युझियममध्ये आहे. पंचगंगेकाठी रोमन जगातला माल पोचत होता, साधारण त्याच काळात तिकडे ही माती उपसली जात होती.

ट्रे ९० बाय ३० सेंमीचा, तळाला ६ मिमी प्लायवूड, कडा ५ सेंमी उंच. काम पक्कं आहे, कोपऱ्यांना स्क्रू आहेत, नुसते खिळे नाहीत. कडेवर पेन्सिलीने आखणी करून मिळते आणि ती आखणी बरोबर आहे. उत्तरेकडून मापं अशी: उपशाचा उतार १४ सेंमी, खंदक ८, मोकळी पट्टी ६, भिंत ३, मधली जागा २०, व्हॅलम ३६ आणि शेवटी ३ सेंमी मोकळे. मधली जागा तेवढी आखडती घेतली आहे. प्रत्यक्षात व्हॅलम भिंतीपासून कुठे जवळ, कुठे बराच लांब जातो. ट्रेमध्ये कुठेतरी काटछाट करावीच लागणार होती आणि ती योग्य जागी केली आहे.

आता मुख्य अडचण. खंदक कोरायला संचात पत्र्याच्या दोन पट्ट्या येतात: एक टोकदार तळाची, पुढच्या खंदकासाठी, आणि एक सपाट तळाची, व्हॅलमसाठी. ओल्या मातीत पट्टी रोवायची आणि ३० सेंमी सरळ ओढायची, की छेद आपोआप उतरतो. कल्पना उत्तम. पण कारखान्याने दोन्ही पट्ट्यांच्या बाजूंना एकच चढ दिला आहे. व्हॅलमच्या बाजू खरोखरच उभट होत्या, म्हणून ती पट्टी बरोबर बसते. पुढच्या खंदकाच्या बाजू मात्र बऱ्याच पसरट होत्या. साधारण माप वरच्या तोंडाला ८ मीटर आणि खोली २.७ मीटर. म्हणजे उतार दीडास एक: दीड आडवं, एक खाली. बांधकाम खात्यात काम केलेल्या कुणालाही हा उतार लगेच ओळखू येईल. संचातली पट्टी २.७ सेंमी खोल जाते, पण तोंडाला जेमतेम सव्वातीन सेंमी रुंद आहे. आखणी ८ सेंमीची आणि पट्टी सव्वातीनची! ट्रे पूर्ण झाल्यावर भिंतीपुढे खंदक दिसतच नाही, गटार दिसतं. शिवाय एवढ्या उभ्या बाजू ओल्या लाल मातीत टिकत नाहीत. संध्याकाळपर्यंत काठ आत बसतो आणि तळ भरून येतो.

नवी पट्टी घरी कापता येते. २४ गेजचा जस्ताचा पत्रा घ्यावा. संचातला २८ गेजचा आहे आणि तो दुसऱ्या ओढीतच वाकतो. पत्र्यावर ८ सेंमीची आडवी रेघ मारा, तिच्या मध्यापासून खाली २.७ सेंमीवर खूण करा, दोन्ही टोकं त्या खुणेला जोडा. खुणेच्या खाली ३ मिमी रुंद आणि ३ मिमी खोल असा चौकोनी दात ठेवा. काही ठिकाणी खंदकाच्या तळाशी अशी फावड्याच्या रुंदीची नाळ मिळते. साचलेला गाळ पुन्हा पुन्हा काढताना ती तयार होते. पत्र्याची धार कानशीने मोडून घ्यायला विसरू नका, हात कापतो.

ओढतानाची रीत कागदावर अर्धीच दिली आहे. एकाच ओढीत पूर्ण खोली गाठू नये. माती पट्टीपुढे गोळा होते आणि दोन्ही काठ उचकटतात. तीन ओढी घ्याव्यात, पहिली १ सेंमी, दुसरी २, तिसरी पूर्ण. प्रत्येक ओढीआधी पट्टी पाण्यात बुडवायची, निघालेली माती सुरीने उचलून वेगळ्या थाळीत ठेवायची. मातीची वेळ बोटाने ओळखावी: बोट दाबल्यावर ठसा स्वच्छ उमटला पाहिजे, पण बोटाला माती चिकटता कामा नये. चिकटली तर अजून एक तास थांबा. ठसाच उमटत नसेल तर उशीर झाला, वर ओलं फडकं टाकून ठेवा.

थाळीतली ती माती कुठे टाकायची, इथे कागद सपशेल चुकला आहे. ‘खंदकाची माती भिंतीच्या पायथ्याशी रचा’ असं त्यात लिहिलं आहे. आपल्याकडच्या भुईकोटांच्या सवयीने लिहिलं असावं. हेड्रियनच्या खंदकाची माती टाकली जायची उत्तरेला, म्हणजे शत्रूच्या बाजूला. तीही ढीग करून नाही, पसरून, म्हणजे तिच्याआड कुणाला लपता येऊ नये. काठाशी उंच आणि पुढे उतरत उतरत जमिनीला मिळणारी. भिंतीवरून पाहणाऱ्याला हा उतार तळहातावर धरल्यासारखा मोकळा दिसतो आणि उतारामुळे खंदकाचा पलीकडचा काठ उंच होतो, म्हणजे न खणता खोली वाढते.

हिशेबही जुळतो. ८ मीटर रुंद आणि २.७ मीटर खोल खंदकाच्या छेदाचं क्षेत्रफळ १०.८ चौरस मीटर. उपसलेली माती सैल होऊन साधारण सव्वापट होते, म्हणजे साडेतेरा. १४ मीटर लांबीच्या उतारावर ती पसरली आणि काठाशी २ मीटर उंची धरली तर १४ चौरस मीटरचा त्रिकोण होतो. म्हणून ट्रेमध्ये काठाशी २ सेंमी आणि टोकाला शून्य असा उतार धरावा. प्रदर्शनात मुलांना नुसता हा हिशेब फळ्यावर करून दाखवला तरी संचाचे अर्धे पैसे वसूल होतात.

दुसरी उलटी सूचना निळ्या रंगाची. संचात निळ्या पोस्टर कलरची डबी येते, ‘खंदकात पाणी दाखवा’ म्हणून. डबी बाजूला ठेवा. अहमदनगर, सोलापूर, नळदुर्ग पाहिलेल्या डोळ्यांना खंदक म्हणजे पाणी असंच वाटतं, पण हा खंदक कोरडा होता. तो डोंगर-दऱ्यांवरून, चढ-उतारावरून जातो. पाणी त्यात उभं राहणारच नाही. आज काही तुकड्यांत चिखल-पाणी दिसतं ते गाळ साचून तळ तुंबल्यामुळे. त्याचा अडथळा घसरड्या उताराचा होता. आत उतरलेला माणूस भिंतीवरच्या भाल्यांसमोर उघडा पडतो आणि वर चढायला त्याला दोन्ही हात लागतात.

खंदक आणि भिंत यांच्यामधली ६ सेंमीची मोकळी पट्टी संचात अगदी कोरी सोडली आहे. ती तशी नव्हती, निदान सगळीकडे नव्हती. न्यूकॅसलच्या परिसरात बायकर, थ्रॉक्ली, वॉल्सएंड इथल्या उत्खननांत या पट्टीवर खड्ड्यांच्या रांगा मिळाल्या आहेत, एकाआड एक सरकवलेल्या. त्यात टोकदार फांद्या रोवलेल्या असत. आपल्या भाषेत काटेरी कुंपणच. बाभळीच्या बारीक काट्यांचे ५ मिमीचे तुकडे तीन रांगांत, दुसरी रांग पहिलीच्या फटींसमोर येईल अशा बेताने खोचले की पट्टी जिवंत होते. काटे माती ओली असतानाच खोचा. वाळल्यावर खोचले तर प्रत्येक काट्याभोवती तडा जातो.

आता व्हॅलम. संचातलं सगळ्यात चांगलं काम इथे आहे आणि ज्याने पट्टी कापली त्याने मापं नीट वाचून कापली आहेत. वर ६ सेंमी, तळाला २.४, खोली ३. चराच्या दोन्ही काठांपासून ९ सेंमी जागा सोडून प्रत्येकी ६ सेंमी रुंदीचा बांध. रोमन फुटांत मांडलं तर आकडे किती सरळ येतात पाहा: चर २०, दोन्हीकडे ३०-३० मोकळे, २०-२० चे बांध, एकूण १२०. रोमन फूट २९.६ सेंमीचा, म्हणजे सगळं मिळून साडेपस्तीस मीटर. एवढी जमीन, जवळजवळ पूर्ण सीमेइतक्या लांबीवर, हाताने खणून घेतली. कुदळी, फावडी आणि टोपल्या यांवर.

सलग समतल चर खणलेल्या माणसाला तो ९ मीटरचा मोकळा भाग लगेच कळेल. उपसलेली माती चराच्या काठालाच टाकली तर पहिल्या पावसात ती परत चरात येते. म्हणून पाणलोटाच्या कामातही चर आणि बांध यांच्यामध्ये जागा सोडतात. व्हॅलममध्ये ती जागा फार मोठी आहे आणि चर खोल, बाजू उभ्या. संचाच्या ट्रेमध्ये हे अंतर कमी करण्याचा मोह होतो, कारण ‘नुसती सपाट माती’ वाटते. करू नका. तेच अंतर व्हॅलमची ओळख आहे.

बांधांची उंची कागदात ३ सेंमी सांगितली आहे, ती १.८ ते २ ठेवा. इथेही मातीचा हिशेब मदत करतो. चराच्या छेदाचं क्षेत्रफळ १२.६ चौरस मीटर, सैल झाल्यावर पावणेसोळा. ६ मीटर पाया, ३ मीटर माथा आणि १.८ मीटर उंची असे दोन बांध धरले तर १६.२. कडांना गवताच्या ढेकळांची किनार होती, म्हणजे थोडी भर बाहेरून पडली. ३ मीटर उंचीचे बांध करायला माती आणणार कुठून?

बऱ्याच ठिकाणी चराच्या दक्षिण काठालाच एक तिसरा, लहान बांध दिसतो. संचात तो नाही. थाळीत उरलेल्या मातीतून १ सेंमी उंचीची वळी काठाला लावली तरी पुरे.

व्हॅलम कशासाठी होता यावर प्रदर्शनात हमखास प्रश्न येतो. तो दोन्ही बाजूंनी सारखा आहे, शत्रूची बाजू आणि आपली बाजू असा भेद त्यात नाही. बहुतेक अभ्यासक त्याला लष्करी पट्ट्याची मागची हद्द मानतात: इथून पुढे मोकळं फिरायचं नाही. ओलांडायचं तर किल्ल्यासमोर, जिथे न खणलेल्या मातीची वाट सोडलेली आणि तिच्यावर दरवाजा. न्यूकॅसलजवळ बेनवेलला अशी वाट आजही उघड्यावर पाहायला मिळते. किल्ल्यांजवळ व्हॅलम वळसा घालून जातो, याचा अर्थ तो खणताना किल्ल्यांच्या जागा ठरलेल्या होत्या. पुढे कधीतरी हा सगळा अडथळा मुद्दाम मोडला गेला: ठरावीक अंतरांवर बांध फोडून त्यांची माती चरात लोटली आणि वाटा केल्या, साधारण ४१ मीटरला एक. १:१०० मध्ये ते ४१ सेंमी होतात आणि ट्रे ३० सेंमी रुंद आहे, तेव्हा एका ट्रेमध्ये एकच वाट दाखवता येते. दोन वाटा केल्या तर प्रमाण चुकलंच. व्हॅलम हे नावही चराला चुकूनच मिळालं. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ बांध किंवा तट. आठव्या शतकातल्या बीड या धर्मगुरूच्या लिखाणावरून तो चराला चिकटला.

भिंतीचा तुकडा भाजलेल्या मातीचा, तयार मिळतो, आणि त्यात एक बारकावा आहे ज्यासाठी कारागिरांना शाबासकी द्यायला हवी. पाया ३ सेंमी, वरची भिंत २.४ सेंमी, म्हणजे बाजूला पायरी सुटलेली. काम सुरू झालं तेव्हा भिंत १० रोमन फूट रुंद ठरली होती. मध्येच ती अरुंद करायचं ठरलं, पण पाया बऱ्याच ठिकाणी आधीच घालून झाला होता. म्हणून रुंद पायावर अरुंद भिंत. हा बदल एका बोटाएवढ्या तुकड्यात दाखवला आहे. उंची मात्र ७ सेंमी केली आहे, ती फार झाली. बीडने त्याच्या काळी उभ्या असलेल्या भिंतीची उंची १२ फूट दिली आहे. तुकडा मागवताना ४ ते ४.५ सेंमी सांगा. माथ्यावरच्या चऱ्या कल्पनेतल्या आहेत. भिंतीचा मूळ माथा कुठेच शिल्लक नाही.

मातीबद्दल. पिशवीत १२ किलो भिजवलेली माती येते, लाल माती आणि शाडू मिसळून. ४ सेंमीचा थर पूर्ण ट्रेमध्ये द्यायचा तर जवळजवळ ११ लिटर माती लागते, म्हणजे १९ ते २० किलो. कागदात याबद्दल एक ओळही नाही आणि पसरताना माती दोन तृतीयांश ट्रेपर्यंतच पुरते. उपाय सोपा आहे: जिथे खणायचं नाही तिथे खाली अडीच सेंमी जाडीच्या फळीचे तुकडे घाला. उपशाच्या उताराखाली १४ सेंमी, मधल्या जागेखाली २० सेंमी, व्हॅलमच्या दोन्ही मोकळ्या पट्ट्यांखाली ९-९ सेंमी. मग १३ किलोत काम भागतं. किलोभर जादा माती सुरुवातीलाच मागून घ्या, नंतरची माती वेगळ्या भट्टीची निघते आणि रंगात फरक पडतो. फळी मातीत घालण्याआधी तिच्यावर प्लॅस्टिकचा कागद गुंडाळा, नाहीतर ती पाणी शोषून फुगते आणि वरचा थर उचलते.

तडे हा दुसरा त्रास. माती वाळताना आकसते. पिशवीतली माती आहे तशी वापरली तर ९० सेंमी लांबीत दोन्ही टोकं मिळून साडेतीन सेंमीची फट पडते, किंवा फट न पडता ट्रेच्या मधोमध तडा जातो. तडा नेमका भिंतीच्या पायाला जातो, कारण भाजलेला तुकडा आकसत नाही आणि भोवतालची माती आकसते. म्हणून १० भाग मातीला ३ भाग चाळलेली बारीक वाळू आणि १ भाग घोड्याची वाळलेली लीद किंवा बारीक कातरलेला काथ्या मिसळा. भिंतीचा तुकडा ओल्या मातीत रोवू नका. त्याच्या आकाराची फळी ठेवून जागा धरा आणि माती वाळल्यावर तुकडा बसवा, फटी शाडूच्या पातळ राबडीने बुजवा. ट्रे सावलीत, ओल्या फडक्याखाली, चार-पाच दिवस. ऑक्टोबरच्या उन्हात गच्चीवर ठेवला तर दुपारपर्यंत काम संपलं म्हणून समजा. बांध आणि उतार खंदक अर्धवट वाळल्यावर रचा, आणि रचण्याआधी खालची माती सुईने ओरखडून ओली करा, नाहीतर बांध वाळल्यावर अख्खाच्या अख्खा सुटून येतो.

नवा खंदक दाखवायचा की आजचा, हेही आधी ठरवावं. नव्या खंदकाचे काठ धारदार, आजच्याचे गोल. इंग्लंडमध्ये १९६० मध्ये ओव्हर्टन डाउन आणि १९६३ मध्ये वेअरहॅम इथे मुद्दाम चर-बांध करून, ते कसे ढासळतात हे ठरावीक वर्षांनी उकरून पाहिलं गेलं. पडझड सुरुवातीच्या वर्षांत झपाट्याने होते, वरचा काठ आत येतो, तळाच्या कोपऱ्यांत गाळ बसतो, मग गवत धरलं की वेग मंदावतो. ट्रेमध्ये हेच क्रमाने करता येतं: काठ ओल्या बोटाने मोडा, चाळणीने कोरडी माती तळात सोडा, खोली निम्म्यावर आली की थांबा.

खडकातल्या खंदकाचा सुटा तुकडा, १५ बाय १५ सेंमी, हे ३५० रुपये सगळ्यात चांगले खर्ची पडतात. जागा आहे लाइमस्टोन कॉर्नर. नाव चुनखडीचं, पण खडक व्हिनस्टोन, आपल्या काळ्या पाषाणाच्या नात्यातलाच. तिथे पुढचा खंदक अर्धवट सोडून दिलेला आहे. प्रचंड धोंडे फोडून उत्तरेला काढून टाकलेले, एक धोंडा खंदकातच पडून, आणि त्याच्या पाठीवर पाचरींसाठी घेतलेल्या खोबणींची रांग. पाथरवटाचं काम पाहिलेल्याला ती रांग वाचता येते: रेघ धरली, खोबणी घेतल्या, पाचरी ठोकायच्या बाकी होत्या. संचातल्या धोंड्यावर या खोबणी टाचणीच्या टोकाएवढ्या, पण एका रेघेत आणि सारख्या अंतरावर कोरल्या आहेत. भिंग लावून पाहावं असं काम आहे. गंमत अशी की मागचा व्हॅलम त्याच खडकातून पूर्ण खणून नेला आहे. म्हणजे खडक फोडणं जमत नव्हतं असं नाही. पुढचा खंदक सोडायचं ठरवलं गेलं. त्याच खडकाच्या ‘व्हिन सिल’ नावाच्या रांगेतल्या कड्यांवर तर खंदक खणलेलाच नाही, कारण खाली सरळ कडा आहे. पन्हाळ्यावर जिथे कडा तुटलेला आहे तिथे खंदकाचा विचार कोण करेल? तेच.

लहान ट्रे हिरवळीच्या भिंतीचा, १:२० प्रमाणात. आयर्दिंग नदीच्या पश्चिमेला ही भिंत आधी दगडाची नव्हतीच, गवतासकट कापलेल्या ढेकळांची होती, पायाला २० रोमन फूट रुंद. दगडात ती नंतर बांधली गेली. या भिंतीपुढची मोकळी पट्टीही अरुंद, २ मीटरच्या आसपास. संचात ढेकळं कापायला तारेची चौकट आहे, २.२ बाय १.५ सेंमीची. वेजेशियस या रोमन लेखकाने ढेकळाचं माप दीड फूट लांब, एक फूट रुंद, अर्धा फूट जाड असं दिलं आहे, त्याचं हे बरोबर वीसावं माप. जाडी तेवढी स्वतः ७ मिमी राखावी लागते. दोन्ही बाजूंना ७ मिमीच्या पट्ट्या ठेवून लाटणं फिरवा.

कागद सांगतो की पूर्ण भिंत ढेकळांनी रचा. २० सेंमी लांबीच्या या ट्रेला अडीच ते तीन हजार ढेकळं लागतील. शाळेच्या एका वर्गाचा आठवडा जाईल. दर्शनी बाजूंना दोन ढेकळांची जाडी आणि आत दाबून भरलेली माती, एवढं पुरतं. छेदाची बाजू मात्र पूर्ण ढेकळांची करा आणि प्रत्येक थरावर चिमूटभर कोळशाची पूड भुरभुरवा. उत्खननात अशा भिंती छेदात काळपट रेघांनीच ओळखू येतात. त्या रेघा म्हणजे कुजलेलं गवत.

‘हाच संच अँटोनाइन भिंतीलाही चालतो’ असं कागदाच्या शेवटी लिहिलं आहे. नाही चालत. ती भिंत स्कॉटलंडमध्ये, इ.स. १४२ पासून बांधलेली, सुमारे ६० किलोमीटरची. तिला मागे व्हॅलम नाही. भिंत ढेकळांची, खाली ४.३ मीटरच्या आसपास रुंदीचा दगडी पाया, आणि पुढचा खंदक कितीतरी मोठा, १२ मीटरपर्यंत रुंद. करायचीच असेल तर १२ सेंमी तोंडाची, ४ सेंमी खोलीची नवी पट्टी कापा, व्हॅलमची जागा मोकळी सोडा, आणि ट्रेची कडा ५ ऐवजी ६ सेंमी करून घ्या, नाहीतर खंदकाखाली माती उरत नाही. या भिंतीवरच्या रफ कॅसल किल्ल्याजवळच्या खड्ड्यांच्या रांगा दाखवल्या तर उत्तम. ज्युलियस सीझरने गॉलमधल्या (आजच्या फ्रान्सकडच्या) युद्धात असेच खड्डे केले होते, ३ फूट खोल, मध्ये मांडीएवढा जाड, टोक तासून भाजलेला खुंट, जमिनीवर चार बोटंच निघणारा, वरून काटक्या-पाल्याने झाकलेला. सैनिक त्यांना ‘लिली’ म्हणायचे, त्या फुलासारखे दिसतात म्हणून.

हिरवळीसाठी अळीव किंवा मोहरी पेरायची आपली दिवाळीची पद्धत मोठ्या ट्रेला चालत नाही. चार-पाच दिवसांत रोप ३ सेंमी होतं, म्हणजे या प्रमाणात ३ मीटरचं रान. खंदक झाकूनच जातो. पावसाळ्यात भिंतीवर धरलेलं शेवाळ खरवडून वाळवून ठेवलं असेल तर ते चुरून फेव्हिकॉलच्या पाण्यावर शिंपडा. मावळेही ठेवू नका. बाजारातला ५ सेंमीचा मावळा इथे ५ मीटरचा राक्षस होतो. माणूस हवाच असेल तर १.७ सेंमीचा, आगपेटीच्या काडीला शाडूचं डोकं लावून. एक काडी भिंतीवर, एक खंदकाच्या तळात. पाहणाऱ्याला खोली तिथेच कळते.

गणपती बसेपर्यंत कारखान्यात या कामाला हात लागत नाही, मग नवरात्राच्या मूर्ती असतात. ऑर्डर अनंत चतुर्दशीनंतर लगेच द्यावी, ताबा कोजागरीच्या आसपास मिळतो आणि दिवाळीपर्यंत वाळायला पुरेसे दिवस राहतात. ऑर्डर देताना तीन गोष्टी तोंडी न सांगता कागदावर लिहून द्या: पुढच्या खंदकाची पट्टी ८ सेंमी तोंडाची, भिंतीचा तुकडा ४ सेंमी उंच, माती १४ किलो. वाळलेला ट्रे रिक्षातून नेताना मांडीवर आडवा धरू नका, खाली दुमडलेली गोधडी घालून सीटवर सपाट ठेवा; पापाची तिकटीच्या गर्दीतल्या एका ब्रेकने व्हॅलमचे बांध सुटतात.